कडूबाईचा आवाज

१९५४ साली बन्सीधर रेडिओवर खेड्यांसाठी विनोदी कार्यक्रम करायचा. मूळचा सेलूचा, नोकरीसाठी शहरात राहिलेला. दर बुधवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं तो एका पाहुण्याची मुलाखत घ्यायचा. खरं तर पाहुणा कुणीच नसायचा. प्रश्न त्याचे, उत्तरंही त्याचीच. फक्त आवाज बदलायचा. कधी बहिरा पोस्टमन, कधी सोयरिकी जुळवणारा व्यंकटी. पण लोकांना वेड लावलं ते कडूबाईनं. ही फटकळ म्हातारी मुलाखत घेणाऱ्यालाच झापायची. "मास्तर, तुमाला जवारीचं धाट अन् उसाचं टिपरं तरी वळखू येतं का?" असं ती म्हणाली की गावोगावच्या चावड्यांवर हशा पिकायचा.

कडूबाईला ढिगानं पत्रं यायची. बन्सीधरला एकही नाही.

पोखर्णीजवळच्या एका वाडीत त्याची आत्या पार्वतीबाई राहायची. ती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कडूबाईसाठी कारळाची चटणी धाडायची. दिवाळीत बन्सीधरनं तिला सांगून टाकलं, "आत्या, कडूबाई म्हंजी मीच हाय."

"तुला बाईमाणसाचा आवाज कुठून येणार? उगं तिच्या नावावर मोठा होऊ नको."

वर तिनं एक कामही सांगितलं. वाडीच्या विहिरीचा काठ ढासळला होता. पाणी शेंदताना एका बाईचा पाय मोडला होता. सरपंच आबासाहेब वर्षभर नुसतं 'बघू' म्हणत होते.

"कडूबाईला म्हणावं, एकडाव रेडिओत बोल. पोरा, तुझ्यानं काय व्हायचं न्हाई."

बन्सीधरनं विहिरीचं लिहिलं. रेडिओतल्या साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. "तुम्ही हसवा हो. तक्रारी कशाला?" असं तीनदा झालं. तीनदा त्यानं दातओठ खात दुसरं लिहून आणलं. चौथ्या बुधवारी त्यानं कागद बाजूला ठेवला आणि कडूबाई सरळ बोलली. "पोखर्णीजवळच्या वाडीचे आबासाहेब, तुमच्या बैलाला दगडी हौद, अन् बायकांनी विहिरीत पडून पाणी आणायचं व्हय?"

दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम त्याच्याकडून काढून घेतला. त्याला हवामान वाचायला बसवलं.

आठवड्यानं रजा काढून तो वाडीला गेला. आत्या विहिरीवरच भेटली, बाकीच्या बायकाही होत्या.

"आत्या, ऐकलं का कडूबाईचं?"

"कशाचं ऐकलं! पोखर्णीचं नाव निघालं अन् ब्याटरीच उतरली. आबासाहेबच म्हणले. चावडीवरचा रेडिओ त्येंच्याच हातात असतो."

"मंग रेडिओ आता बंदच हाय?"

"न्हाई की. दुसऱ्या दिवशी लागला."

बन्सीधरच्या डोक्यात तिडीक गेली. ज्याच्यासाठी एवढं घालवलं, ते एका कानातही गेलं नव्हतं! पाय आपटत तो तिथंच कडूबाईच्या आवाजात ओरडला, हौदाचं, बैलाचं, विहिरीचं, सगळं. बायकांच्या हातातले दोर थांबले.

आत्या घागर कडेवर घेऊन त्याच्याजवळ आली.

"म्हंजी वरीसभर माझी चटणी तूच खाल्लीस?"

"व्हय."

"मुडद्या!" ती म्हणाली. मग घागर खाली ठेवली. "आता परत म्हण. चावडीकडं तोंड करून म्हण."

त्यानं म्हटलं. आबासाहेब बाहेर आले आणि मोठ्यानं हसले. "अरे, हे तर बाईचं सोंग!"

बायकांपैकी कुणीच हसलं नाही. पार्वतीबाई पुढं झाली. "सोंग आसंल. पण इहीर खरी हाय, आबासाहेब. तुमी या, एक घागर शेंदून दावा."

आबासाहेब आले नाहीत. पण दगड आले. पावसाळ्याआधी निम्मा काठ बांधून झाला आणि गवंडी निघून गेला. उरलेल्या बाजूचं विचारलं की आबासाहेब म्हणत, "बघू."

बांधलेल्या बाजूला बायकांची रांग लागते, असं आत्यानं कुणाकडून तरी पत्र लिहवून कळवलं. ते वाचून बन्सीधरनं टेबलावर मूठ आपटली. तेवढ्यात हवामानाची वेळ झाली, म्हणून तो उठला.