शेजारच्या सीटची चकती

आईच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली एक काळी चकती आहे. तिच्यावर वजनाचे आकडे असतात. बसणाऱ्याचं जितकं वजन तितक्यावर चकती फिरवायची, मग खड्डा आला की सीट पाळण्यासारखी अलगद खाली-वर होते. आकडा चुकला की बसणारा तव्यावरच्या दाण्यासारखा टणाटण उडतो. गेली तीन वर्षं प्रत्येक सुट्टीत ती सीट माझी होती. या खेपेला चकती शेहेचाळीसवर हवी होती.

शनिवारी दुपारी मी उडी मारून वर चढले, बसले आणि खाली वाकून बघितलं. साठ!

"आई, ही कुणी फिरवली?"

"शिट्टीनं. महिनाभर तीच बसतेय ना." आई आरसे पुसत होती. हातही थांबला नाही तिचा.

माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू!

शिट्टी म्हणजे आईच्या हाताखाली शिकलेली तेवीस वर्षांची मुलगी. मोठ्या गाडीचं लायसन्स नुकतंच मिळालंय. गाडी मागे घेताना शिट्टी वाजवते, म्हणून शिट्टी. आईला ती 'उस्ताद' म्हणते. मी आपली साधी 'आई' म्हणते. आई तर कुणीही म्हणतं! एकदा शिट्टीनं अख्खा ट्रक दोन भिंतींमधल्या फटीत एका दमात घातला, तेव्हा आई ओरडली, "वा गं माझी वाघीण!" मला गणितात पंच्याण्णव पडले तेव्हा आई म्हणाली होती, "बरं." मला तिनं फार तर मांजर म्हटलंय, तेही दूध सांडलं तेव्हा.

आईचा मालक म्हातारा झाला होता. चार गाड्यांचा धंदा तो आवरायला निघाला होता, त्यामुळे महिनाअखेर आईला एखादी मोठी कंपनी धरायची होती. दोन कंपन्या तिला घ्यायला तयार होत्या. निळ्या गाड्यांच्या कंपनीत एका गाडीवर दोन ड्रायव्हर, लांबचे पल्ले, आणि शेजारची सीट जोडीदाराची. पिवळ्या गाड्यांच्या कंपनीत एकटीनं चालवायचं आणि सुट्टीत घरचं एक माणूस सोबत न्यायची परवानगी. आता घरचं एक माणूस कोण? बाबा शिंपी आहेत, सायकलच्या पुढचं कुठलंही वाहन त्यांना लागतं. म्हणजे उरले मीच.

माझा निकाल दोन सेकंदांत लागला होता. आईचं तसं नसतं.

"भरती करणारा साहेब साखर पेरतो," ती म्हणाली. "खरं ऐकायचं तर त्याच कंपनीच्या ड्रायव्हरला गाठायचं. पण माझ्यासमोर ते फुशारक्या मारतात. तू जा. हल्ली तुझं तोंड बंदच होत नाही, लागू दे ते कामाला."

हे मात्र खरं. मागच्या वर्षापर्यंत दुकानदारानं नाव विचारलं तरी मी आईच्या पाठीमागे लपायचे. मग शाळेच्या वादविवादात लटपटत उभी राहिले, पहिली आले, आणि आता मी खांबाशीसुद्धा गप्पा मारते!

आईनं वहीत तीन प्रश्न लिहून दिले. रोज तीच गाडी मिळते का? सांगितलेल्या दिवशी घरी पोचता का? कंपनीत फोन केला तर तिकडचा माणूस नावानं हाक मारतो की गाडीच्या नंबरानं? पहिल्या प्रश्नाखाली तिनं दोनदा रेघ मारली. दोन वर्षांपूर्वी एक महिना ती कंबर धरून जमिनीवर पडून होती. तेव्हापासून सीट स्वतःच्या हातानं, तासभर खपून लावलेली असेल तरच तिला चालते.

रविवारी गाड्यांच्या तळावरच्या चहाच्या टपरीत निळ्या कंपनीचा एक टकलू ड्रायव्हर सापडला.

"गाडी? सहा वर्षं तीच. माझा टॉवेलसुद्धा एकाच खुंटीवर म्हातारा झालाय," तो म्हणाला. "घरी बाराव्या दिवशी म्हणजे बाराव्या दिवशी. आणि हाक नावानं. बायकोपेक्षा गोड मारतात!"

पिवळा ड्रायव्हर काखेत उशी मारून चालला होता.

"काका, उशी घेऊन कुठे?"

"दुसऱ्या गाडीत. आमच्यात स्वतःची गाडी नसते, पोरी. सकाळी जी रिकामी तिची चावी हातात. काल सीट कुणा पैलवानाची, आज कुणा काडीची. कंबरेचे बारा वाजलेत."

"आणि सुट्टीत घरचं माणूस?"

"हो, नेतो की. माझा लेक येतो दरवेळी."

दरवेळी! मी वही उघडली. पिवळी कंपनी, प्रश्न पहिला. मी लिहिलं: 'हो. तीच गाडी.' अक्षर जरा वाकडं आलं, पण आलं.

संध्याकाळी शिट्टीही घरी टपकली. माझ्याच खुर्चीत बसली. आईनं वही वाचली आणि तिचा चेहरा उजळला.

"पिवळीतही गाडी तीच? मग प्रश्नच मिटला. पिवळी!"

मी शिट्टीकडे बघितलं. आता हिचं तोंड कसं एवढंसं होतं ते मला डोळे भरून बघायचं होतं. ते झालंच नाही. तिनं एक लांब शीळ घातली.

"मग मीही पिवळीत, उस्ताद! गाड्या शेजारी-शेजारी लावू. छोटी, काय कामाची पोरगी आहेस गं तू!"

करायला गेले काय आणि झालं काय! वर ही मला छोटी म्हणते.

तेवढ्यात बाबा टेप घेऊन आले. "गाडी एकच राहणार ना? मग पाठीची गादी सीटलाच पक्की शिवून टाकतो. बस नीट, माप घेऊ दे." आई हसत ताठ बसली. बसताना तिचा एक हात आपोआप कंबरेवर गेला.

तो हात मी बघायला नको होता.

"आई, पहिलं उत्तर खोटं आहे."

बाबांचा टेप हवेतच राहिला. "म्हणजे?" आई म्हणाली.

"पिवळीत रोज गाडी बदलते. मला माहीत होतं."

"मग असं का लिहिलंस?"

वादविवादात पहिली आलेली मी! जे तोंडात आलं ते एवढंच: "चकती साठवर होती."

शिट्टीला कळलं. ती खाली बघू लागली. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पेन पुढे सरकवलं.

"तुझ्या भरवशावर मी सही करणार होते. खोड ते. खरं लिही."

मी खोडलं, खरं लिहिलं. मग आईनं निळ्या कंपनीचा अर्ज ओढला आणि 'जोडीदार' या रकान्यात शिट्टीचं नाव घातलं, चांगलं ठसठशीत. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला तर शनिवारपेक्षा जास्त दुखलं.

पुढच्या महिन्यात निळा ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. नवा कोरा, काचेत आभाळ दिसेल असा! आईची गादी पक्की बसली होती. ती तीनदा मागे टेकून बघून म्हणाली, "आता कशी मस्त!" शिट्टी खाली टायर ठोकून बघत होती.

"बाळा," आई म्हणाली, "तेवढी शेजारची सीट लावून ठेव. साठवर." मग म्हणाली, "सुट्टीत मी घरी असेन तेव्हा तळावर रिकामी गाडी मागे घ्यायला शिकवते तुला. तू स्टिअरिंगवर, मी शेजारी."

"नक्की?"

"नक्की. पण आधी वहीत खोटं लिहायचं बंद."

मी खाली वाकले. चकती फिरवली, बरोबर साठवर आणली. शिट्टी दारातून डोकावली. "थँक्यू हं, छोटी!"

ती वळल्यावर मी चकती आणखी पुढे सरकवली. ऐंशी.

ट्रक निघाला. शिट्टीनं खिडकीत कोपर टेकवलं आणि शीळ सुरू केली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकापर्यंत ती छान सुरात चालली होती. तिथे मधेच तुटली.