कुजबुजबाईंचा मुलगा काय म्हणाला

कुणाला पटायचं नाही, आणि न पटलं म्हणून काही बिघडतही नाही. पण एके काळी त्या शहरातली सगळी नाटकं एका बाईच्या गळ्यावर चालत. तिच्या जोरावर राजे लढत, तिच्या जोरावर प्रियकर रडत. एकदा तर तिसऱ्या अंकात मेलेला सेनापती रंगमंचावरच घोरायला लागला. विंगेतून बाई हळूच म्हणाल्या, "अरे, मेलायस तू!" तसा त्याने असा काही श्वास रोखला की पहिल्या रांगेतल्या दोघांनी खुर्चीतून उठून डॉक्टरला हाका मारल्या.

बाई प्रॉम्प्टर होत्या. पडद्याआड उभं राहायचं, नट अडला की त्याला वाक्य पुरवायचं, आणि टाळी पडली की दुसरीकडे बघायचं. नाटकवाले त्यांना कुजबुजबाई म्हणत.

आता कुजबुजबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दोन्ही कान गेलेले. यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते काढून टाकलेलं. जन्मभर कुजबुजलेली बाई, पण ऐकू येईनासं झाल्यापासून असं खणखणीत बोलायची की जिन्यातला माणूस दचकावा. डॉक्टरांनी मुलीला दाराबाहेर नेलं आणि "त्यांना जे हवं ते द्या" एवढंच सांगितलं. त्यातच काय ते आलं.

बाईंना एकच हवं होतं. त्यांचा धाकटा फार मोठा नट झाला होता. त्याने एकदा, चारचौघांत, आईचं नाव घ्यावं.

मुलीला हे माहीत होतं, आणि भाऊही माहीत होता. तो हल्ली जाईल तिथे आपलं दुःख बरोबर नेई, आणि त्या दुःखाची तब्येत दिवसेंदिवस सुधारत होती. पहिल्या मुलाखतीत तो एक रात्र उपाशी झोपला होता. पुढच्या मुलाखतीत त्याचा आठवडा झाला. मागच्या वर्षी तर तो अनाथच झाला, आणि आई इकडे घरात खोकतेय!

एका रात्रीचं खरं होतं. प्रयोग लांबला होता, पोरगं वाट बघून बघून विंगेतल्या पोत्यांवर झोपलं. आईने डबा उघडून त्याला दोनदा हलवलं. उठलं नाही. मग तिनेही डबा तसाच मिटला. त्या रात्री आणखी कोण उपाशी झोपलं, हे कुठल्याच मुलाखतीत आलं नव्हतं.

आज त्याला जीवनगौरव मिळणार होता. टीव्हीवर दाखवणार होते. सकाळीच ताईने त्याला फोन लावला.

"एवढंच कर. आईचं नाव घे. फार दिवस नाहीत रे तिचे."

"ताई, मी काय सोसलंय ते तुला नाही कळायचं."

"अरे, शेजारच्याच पोत्यावर होते की मी!"

"तुझं वेगळं, माझं वेगळं," तो म्हणाला. मागून कुणीतरी "साहेब, मेकअप" अशी हाक मारली आणि फोन बंद झाला.

दुपारी बाईंनी उशी उंच करून घेतली, केस विंचरून घेतले.

"आज घेईल बघ. जीवनगौरव म्हणजे काही ऐरागैरा मान नाही."

"घेईल ना," ताई त्यांच्या कानाशी ओरडली आणि कॉटवर बसली.

टीव्हीच्या पडद्यावर तो उभा राहिला. शाल, पांढरे केस, हातात मानचिन्ह. "तुमचा विश्वास बसणार नाही," त्याने सुरुवात केली, "पण मला हात देणारं कुणी नव्हतं."

"काय म्हणाला?"

ताईने कानाला तोंड लावलं. "म्हणतोय, तुमचा विश्वास बसणार नाही, पण मला किती जणांनी हात दिला!"

"हं," बाई म्हणाल्या. "चांगली सुरुवात."

"एका नाटकवाल्याने मला दारातून हाकललं," तो म्हणाला.

"म्हणतोय, एका नाटकवाल्याने मला त्याचे जोडे दिले. अनवाणी होतो म्हणून."

"दिलेच होते! एक नंबर मोठे. पुढे चिंध्या कोंबल्या होत्या आपण."

मग ताईची जीभ सुटली. तो म्हणे, मला तुडवलं. ती सांगे, मला शिकवलं. तो म्हणे, माझं नाव पोस्टरवरून पुसलं. ती सांगे, दिवेवाल्याने तापात मला पाठुंगळीवर घरी आणलं. तिने पडदा ओढणाऱ्यालाही सोडलं नाही. गंमत अशी की ती जे सांगत होती ते एकूण एक घडलेलं होतं. फक्त तो ते म्हणत नव्हता. इतक्या माणसांनी वाढवलेला हा पोरगा तिथे उजेडात एकटा उभा होता, आणि ते एकटेपण त्याला खरंच वाटत होतं.

"घरातसुद्धा," तो म्हणाला, "जिने जवळ घ्यायचं, तिनेच मला अंधारात ठेवलं." त्याला हुंदका आला. त्याने मान वळवून बोटाने डोळा टिपला. सभागृह उभं राहिलं.

"आता काय म्हणाला?"

ताई पुन्हा कानाशी वाकली. "म्हणाला, माझी आई अंधारात उभी राहिली म्हणून मी उजेडात आलो. ह्या टाळ्या तिच्या."

"नाव घेतलं?"

"घेतलं ना. पूर्ण घेतलं."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. तो अजून डोळे टिपत होता, लोक अजून टाळ्या वाजवत होते. मग त्यांनी चाचपडत मुलीचा हात धरला आणि तो दोन्ही हातांत घट्ट दाबला.

"वाक्यं छान पुरवलीस," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पण खोटं बोलतेस. गुडघा फुटला की असाच रडायचा तो, हनुवटी गोळा करून. असं रडू त्याला स्वतःखेरीज दुसऱ्या कुणासाठी कधी आलंच नाही. नाही ना गं घेतलं माझं नाव?"