टाचणीकाका कुणाचे?

तपासणीस बाई छत्र्यांच्या कारखान्यात पोचल्या तेव्हा बाहेर रणरणती दुपार होती. आत मात्र तळघरासारखा गारवा. कामगार खात्यात त्यांची उभी हयात गेलेली, मालकांच्या थापा त्यांना तोंडपाठ. आजचं प्रकरण तसं सरळ होतं. छत्रीच्या काड्यांवर कापड शिवणारे एक वयस्कर गृहस्थ काम करता करता स्टुलावरच गेले होते. ओठांत कायम टाचण्या धरायचे, म्हणून सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत. बायकोने भरपाई मागितली, तर मालकाने हात झटकले. काका नोकर नव्हतेच म्हणे, स्वतंत्र ठेकेदार होते.

"माझ्याकडे नोकर कुणीच नाही, बाई," मालक गोड हसून म्हणाले. "सगळे आपल्या मर्जीचे राजे. वाटलं तर येतात, नाहीतर नाही."

"मग कधी कुणी आलं नाही, असं झालंय?"

मालकांनी उगाच चष्मा पुसला.

बाई आत जाऊन छत्र्यांना मुठी बसवणाऱ्या कामगारणीजवळ बसल्या. तिने हात न थांबवता विचारलं, "काकांबद्दल विचारायचंय? मग त्यांनाच विचारा की." आणि हनुवटीने खिडकीजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे खूण केली.

स्टुलासमोर एक उघडी छत्री आडवी ठेवलेली, कापड अर्धवट शिवलेलं. ही चेष्टा करतेय का, असं बाईंच्या मनात आलं, तोच कापडाची कड आपोआप ताणली गेली. सुई खाली गेली, वर आली. दोरा करकचून ओढला गेला. सुई पुन्हा खाली गेली.

बाई झटकन उठून मागे सरल्या. खोलीत कुणी मानसुद्धा वर केली नाही.

"गेल्यापासून हे असंच," मुठीवाली म्हणाली. "आधी आम्ही पळालो होतो. मग सवय झाली. सकाळी दार उघडावं तर सुई चालूच."

मालक मागे येऊन उभे होते. "बघा ना, मी सांगतो का त्यांना?" ते घाईघाईने म्हणाले. "आपल्या मर्जीने करतात. ठेकेदार आणखी कसा असतो?"

हे ऐकलं आणि बाईंच्या भीतीची जागा संतापाने घेतली. "शेवटच्या दिवशी काय झालं?" त्यांनी मुठीवालीला विचारलं.

तिने पहिल्यांदाच हातातलं काम खाली ठेवलं. "छातीत कळ आली त्यांच्या. घरी जाऊ का, म्हणून यांना विचारलं. हे म्हणाले, लॉट पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही."

"स्वतःचा मुखत्यार असलेला माणूस घरी जायला परवानगी मागत नाही, मालक," बाई म्हणाल्या. "काका तुमचे नोकर होते. अजून आहेत. तुम्ही बसवलंत, आता तुम्हीच उठवा."

"मी तसं म्हटलं तर सगळं कबूल केल्यासारखं होईल."

"होईल."

एकेक करत सगळ्यांचे हात थांबले. खोलीत फक्त कापडातून दोरा सरकल्याचा आवाज येत राहिला. सगळे मालकांकडे बघत होते. अखेर ते स्टुलाजवळ गेले. कपाळावर घाम, एवढ्या गारव्यात.

"काका, पुरे आता. घरी जा."

सुई थबकली. क्षणभरच. मग पुन्हा चालू झाली.

"लॉटचं सांगा," मुठीवाली कुजबुजली.

"लॉट राहू दे," मालकांचा आवाज चिरकला. "मी सांगतोय. सुट्टी."

सुई कापडात नीट टोचली गेली. स्टूल फरशीवर घासत मागे सरकलं. बाईंच्या बाहीला गार वारा चाटून गेला आणि दार हळूच लोटलं गेलं.

बाईंनी तिथेच उभ्याने निकाल लिहिला आणि त्यावर मालकांची सही घेतली.

मग बाई तशाच काकांच्या घरी गेल्या. पत्र जाईल तेव्हा जाईल, पण आपल्या तोंडाने सांगावं असं त्यांना वाटलं. काकांच्या बायकोने दार जेमतेम फटीएवढं उघडलं.

"निकाल तुमच्या बाजूने लागलाय," बाई म्हणाल्या. "ते नोकरच होते, असं—"

"हळू बोला जरा." तिने ओठांवर बोट ठेवलं. चेहरा रडून सुजलेला, पण शांत. "आत्ताच आलेत. आले तसे आडवे झाले. फार दमलेत हो."

फटीतून पलंग दिसत होता. वर कुणी नव्हतं, पण गादी माणसाच्या भाराने दबावी तशी मध्ये खोल गेली होती.

बाईंनी आवाज खाली आणला आणि राहिलेलं सगळं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं.