साफसफाईत गेलेला आवाज

डोळे असलेल्या माणसांचं मला फार नवल वाटतं. एवढी मोठी सोय फुकटात मिळालेली असते आणि वाचत मात्र काही नाहीत. कॉम्प्युटरने काही विचारलं की आमचा शार्दूल न वाचताच 'येस' दाबतो. मी जन्मांध. मला एकेक शब्द ऐकल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. बँकेच्या टेलिफोन बोर्डावर सबंध नोकरी केली, पण न ऐकता बटण दाबलं असं कधी झालं नाही. शार्दूल माझा मुलगा. ऐरोलीच्या एका कंपनीत टीम लीड आहे. कोणाला कुठे नेतो ते त्यालाच ठाऊक.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. मी, शार्दूल आणि सून अनुया. माझ्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे, जुना, विंडोज सेव्हनवर चालणारा. त्यात एक मराठी वाचक होता. म्हणजे पडद्यावर जी अक्षरं येतील ती मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. आवाज पुरुषी, सर्दी झालेल्या मास्तरांसारखा. गोडवा नावाला नाही. पण जोडाक्षर गिळणार नाही, विसर्ग सोडणार नाही. मी तो इतक्या वेगात ऐकायचो की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, आत कोणीतरी भांडतंय. माझी बायको आशालता होती तोवर ती वाचून दाखवायची. ती गेल्यावर हा मास्तर आला, आणि मी पहिल्यांदा कोणाचं तोंड न बघता पेपर वाचायला लागलो. 'तोंड न बघता' म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल.

तर दिवाळीची साफसफाई निघाली. अनुयाने पडदे उतरवले, माळ्यावरचे डबे काढले. शार्दूललाही काहीतरी झाडायचं होतं. झाडू हातात घेणं त्याच्या हुद्द्याला शोभत नाही, म्हणून त्याने माझा कॉम्प्युटर झाडायला घेतला. मी बागेत फेरी मारून आलो, तर दारातच, "बाबा, सरप्राइज! तुमच्या मशीनवर विंडोज टेन टाकलं. सेव्हन आता सुरक्षित नाही. बघा तरी किती सुंदर दिसतंय!"

मला म्हणाला. बघा.

मी खुर्चीत बसलो, नेहमीची बटणं दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मास्तर गप्प.

"ते जुनं सॉफ्टवेअर टेनवर चालत नाही," शार्दूल म्हणाला. "पण तुम्हाला नवीन आवाज देतो ना! लेडीज आवाज आहे, एकदम नॅचरल."

ती बाई आली. पहिल्याच बातमीत तिने कळंबोलीचं कलंबोली केलं आणि तळोज्याचं तलोजा. तळोज्याच्या धुराबद्दल तक्रारीची बातमी होती, पण बाईंचा सूर असा की जणू विमानात चहा विचारतायत. माझ्या वेगाला आणली तर तिची बोबडी वळली. अनुया मात्र म्हणाली, "किती छान बोलते नाही!" छान बोलते हे खरं. मला तिच्याशी लग्न करायचं नव्हतं, पेपर वाचायचा होता.

"जुनं परत घाल," मी म्हणालो.

"बाबा, मागे कोण जातं आता?"

"मी."

त्याने मोठा उसासा टाकला, मग सांगितलं की काळजीचं कारण नाही, नवीन टाकल्यावर काही दिवस मागे जायची सोय असते. बसला, क्लिक क्लिक केलं, आणि मग क्लिक थांबले. सोय नव्हती. कारण साफसफाईच्या भरात मशीनने विचारलं होतं, जुन्या विंडोजच्या फायली काढून टाकू का, आणि आमच्या चिरंजीवांनी नेहमीप्रमाणे 'येस' दाबलं होतं.

"जागा मोकळी झाली ना त्याने," तो म्हणाला.

जागा कोणाला हवी होती? भाडेकरू ठेवायचा होता का आत?

"कॉम्प्युटरबरोबर सीडी आली होती. ती कुठाय?" मी विचारलं.

आता अनुयाचा आवाज बारीक झाला. "बाबा, ती बाल्कनीत टांगलीय. कबुतरांसाठी."

चकचकीत वस्तूला कबुतरं घाबरतात असं सोसायटीतल्या कोणीतरी हिला सांगितलं, आणि हिने घरातल्या सगळ्या सीड्या दोऱ्याला ओवल्या. माझी विंडोज कित्येक महिने उन्हात गरगर फिरत होती. कबुतरं तिला घाबरत नव्हती, त्यांचं घुमणं मला रोज ऐकू यायचं. मी चाचपून ती सीडी हातात घेतली. एका अंगाने पापुद्रे सुटले होते आणि दुसऱ्या अंगावर काय होतं ते सांगायला नको. मास्तरांची सीडी तेवढी वाचली, कारण ती माझ्या कपाटात होती आणि माझ्या कपाटात साफसफाई मी करतो.

मग सुरू झाला अनुयाच्या तोंडचा पेपर. ती मथळे वाचायची, मध्येच थांबायची आणि म्हणायची, "बाकी काही विशेष नाही, बाबा." पेपर चोवीस पानी असो की चार, त्यात विशेष काय ते आता अनुया ठरवणार. अग्रलेख विशेष नाही. वाचकांची पत्रं विशेष नाहीत. निधनवार्ता तर अजिबात नाही, बाबांना त्रास होईल. दिवाळी अंकातली कथा तिने तिसऱ्या पानावर सोडली, कारण पुढे तेच तेच होतं. तिचा दोष नाही, पोरगी दमून येते. पण मी रोज सकाळी हात मांडीवर ठेवून तिची वाट बघत बसायचो आणि त्या वेळी मला माझी लाज वाटायची. पुन्हा लहान केल्यासारखं वाटायचं.

शार्दूलला रोज विचारलं की तो म्हणायचा, "बघतो." हे बघणंही डोळे असलेल्यांचं एक खास काम आहे. आठवडे गेले. शेवटी मीच फोनवर फोन केले. बहुतेक दुकानदार हसले. उरण नाक्याचा झकेरिया म्हणून एक जण होता, तो म्हणाला, "घेऊन या, चाचा. करून देतो." मग रविवारी शार्दूलला हलावंच लागलं.

झकेरियाच्या दुकानात पाऊल टाकलं, तर त्याचा पहिला प्रश्न शार्दूलला, "अंकलना काय पायजे?"

"अंकलना कान आहेत," मी म्हणालो. "अंकलना विचार."

"माफ करा, चाचा." पण लगेच त्यालाही राहवेना. "सेकंडहँड लॅपटॉप आहे एक, मक्खन चालतो. हा डबा कशाला सांभाळताय?"

"तुझं मक्खन ठेव. सेव्हन टाक."

माझ्यापुढे आपली डाळ शिजत नाही म्हटल्यावर तो स्वतःकडची सेव्हनची सीडी काढून कामाला लागला. मशीनच्या पाठीवर परवान्याचा नंबर चिकटवलेला होता, तो अजून शाबूत होता. साफसफाईवाल्यांनी पाठ पुसली नव्हती, हे माझं नशीब. विंडोज नव्याने घालताना वाचक नसतो, सगळं मुकं चालतं. म्हणून मी झकेरियाला अट घातली, पडद्यावर जे येईल ते मला वाचून दाखवायचं आणि मी म्हणेन तेव्हाच बटण दाबायचं. बिचारा एकेक ओळ वाचत होता. "चाचा, आयुष्यात पहिल्यांदा वाचतोय हे," म्हणाला. शार्दूल मोबाइलमध्ये होता. सेव्हन चढलं. मग मी पिशवीतून मास्तरांची सीडी काढून दिली.

ती चढायला वेळ लागला. बाहेर रिक्षावाले ओरडत होते, शेजारी कोणीतरी बर्फ फोडत होतं. आणि मग तो सर्दीचा आवाज आला, "मराठी वाचक तयार..."

'आहे' मला ऐकू आलं नाही. आवाज खाली गेला होता.

"अरे साहेब, कमी का केलात?" झकेरिया म्हणाला. "आत्ता तर आला!"

"लोक बघतायत," शार्दूल पुटपुटला.

इतका वेळ तो मोबाइलमधून डोकं वर काढायला तयार नव्हता. त्याचं बोट आवाजाच्या बटणावर पोचलं कधी? आवाज आल्याबरोबर पोचलं. म्हणजे ते बोट तिथे जायला सरावलेलं होतं. सेव्हन सुरक्षित नाही, आठवडे आठवडे 'बघतो', सगळं एकाएकी माझ्या डोक्यात सरळ रांगेत उभं राहिलं.

"शार्दूल," मी म्हणालो, "तुला हा आवाज घरात नकोच होता ना? म्हणून काढलास?"

शेजारचा बर्फ तेवढा फुटत होता.

"शार्दूल?"

झकेरिया हळूच म्हणाला, "चाचा, ते मान हलवतायत."

"कशी? उभी की आडवी?"

"उभी."

आंधळ्या बापाच्या घरात जन्मलेलं पोर. बोलायला लागायच्या आधी हा माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवायचा, मान हलली की मला कळावं म्हणून. आता माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा राहून माझ्याशी मानेने बोलत होता. मला राग यायला हवा होता. नुसतं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"बाबा, तसं नाही," तो आता बोलला. "दिवसभर तो आवाज... माझ्या मीटिंगा असतात, अनुयाच्या मैत्रिणी येतात. तुम्ही हेडफोन तरी लावा ना."

कान बंद करून बस म्हणत होता मला.

मी कळफलक पुढे ओढला, बटण सापडलं, आणि आवाज वाढवत वाढवत टोकाला नेला. मास्तर दुकानभर गरजले. बाहेरचे रिक्षावालेसुद्धा गप्प झाले.

"झकेरिया, मशीन बांधून दे आणि एक रिक्षा बोलव. मी मांडीवर घेऊन जातो."

"आणि साहेब?"

"त्यांना डोळे आहेत," मी म्हणालो. "येतील ते."