दुसरी कात

"अगं, हळद-कुंकू आधी, लाह्या मागून," मनकर्णाबाई म्हणाली, तसा पुंजारामानं उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. आत्ता हसू फुटलं असतं तर सगळंच मुसळ केरात.

नागपंचमीचा दिवस. गल्लीतल्या सहा-सात बाया त्याच्या परसात, काटेरी कुंपणावर लटकलेल्या सापाच्या कातीपुढं हात जोडून उभ्या होत्या. कात खरीच होती. साप मात्र त्या परसात कधी नव्हताच. काकासाहेब म्हणून त्याचा एक दोस्त चितेगावला साप धरायचा. त्याच्याकडून पुंजारामानं ती कात आणली, काळ्या दोऱ्यानं कुंपणाला बांधली आणि गल्लीभर सांगत सुटला, "नाग हाय. जुना हाय. मला वळखतो, पर परक्याचं काय सांगावं?"

त्याला कारणही तसंच होतं. गारखेड्यातल्या त्याच्या घरामागं नुसतं गाजरगवत आणि फुटक्या बाटल्या होत्या. त्यानं आणि बायकोनं, सारजाबाईनं, चार वर्षं खपून तिथं खायचं रान उभं केलं. वर शेवगा आणि पपई, त्यांच्या सावलीत पेरू, कढीपत्ता, त्याखाली हळद आणि कमरेएवढं अळू. कुंपणावर दोडका. घरातलं सांडपाणी त्यालाच. पण पेरू धरले आणि चोर आले. शेजारचा बन्सी तर पिशवीच घेऊन यायचा. कात लटकली तसा बन्सी त्या बाजूला बघायचाही बंद झाला.

पूजा उरकून बाया निघाल्या. मनकर्णाबाई दारात थांबली.

"भाऊ, पुण्यवान हायसा. आवंदा दोन काती टाकल्या देवानं."

"दोन?"

"एक कुंपणावरची, आन एक पेरूच्या बुडाशी, अळवात. जोडी हाय म्हणायची."

"व्हय व्हय, जोडी हाय," पुंजाराम म्हणाला. हसायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

बाई गेली. तो काठी घेऊन पेरूकडं गेला, काठीनंच अळूची पानं बाजूला केली.

त्याची कात दोन हातांची, वाळून कुरकुरीत झालेली. ही चार हात होती. दोरा नव्हता. टोकाला बोट लावून बघितलं, तर ओलसर, मऊ, आत्ताच अंगावरून उतरवल्यासारखी. डोळ्यांच्या जागीसुद्धा दोन बारीक काचा. आणि तिच्या पलीकडं, पेरूच्या मुळांत, मुठीएवढं बीळ. काल ते होतं की नव्हतं, त्याला आठवेना.

तो मागं मागं सरकत ओट्यावर आला आणि काकासाहेबाला फोन लावला.

"आरं, साप हाय. खराच हाय. लगेच ये."

पलीकडून काकासाहेब खो-खो हसला.

"पुंजाराम, लेका मलाच? माझीच कात, आन मलाच भेव दाखवतो का?"

"दुसरी हाय रं! ओली हाय!"

"बरं बरं. तिसरी सापडली की सांग, मग येतो."

फोन ठेवला गेला. पुंजारामानं वर पाहिलं, तर सारजाबाई पदर खोचून, चपला काढून अळूकडं निघाली होती. हातात खुरपं नव्हतं. आज जमिनीला लोखंड लावायचं नाही.

"कुठं निघालीस?"

"गवत उपटते. आठ दिसांनी उद्या नळाला पानी येनार. झाडांची आळी मोकळी नको का?"

"खुरप्याबिगर?"

"खुरपं लावायचं नाय. हात लावायला कुनाची मनाई हाय?"

तो तिच्या आडवा झाला.

"सारजे, जाऊ नको. आत साप हाय."

ती कमरेवर हात ठेवून हसली. "हां! आता माझ्यावरच व्हय? आपल्या लग्नात नवरदेव पळाला म्हनून आवई तुमीच उठवली व्हती. माझा बाप चक्कर येऊन पडला व्हता. ध्यानात हाय माज्या."

"आईशपथ सांगतो."

"सासूबाई जाऊन बारा वर्सं झाली, आन त्यांची शपथ तुमी रोज खाता. सरका."

त्याला बाजूला सारून ती पुढं गेली. गुडघे धरत हळूहळू पेरूच्या सावलीत बसली आणि नेहमीसारखा, न बघताच, उघडा हात अळूच्या बुडाशी घातला.

पुंजारामाच्या हातातली काठी पडली. चपला तिथंच राहिल्या. तो अनवाणी अळूत शिरला, तिच्या आणि बिळाच्या मधे उभा राहिला आणि वाकून त्यानं तिचं मनगट धरलं.

सारजाबाई काहीतरी टोमणा मारणार होती. पण त्याचा तळवा बर्फासारखा गार लागला, घामानं निसटता. तिच्या बांगड्या वाजायला लागल्या. तिचा हात तर हलत नव्हता.

तिनं मान वर करून त्याच्या तोंडाकडं पाहिलं. थाप मारताना त्याच्या डाव्या गालाची एक शीर उडायची. एवढ्या वर्षांत कधी चुकली नव्हती. आज ती शीर गप होती.

तिनं हात हळूच, पानसुद्धा हलू न देता बाहेर काढला. मग एक पाय जवळ ओढला. मग दुसरा.

"कुठं?" तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं.