कोरलसाठी सुरक्षित

भाविका दुपारी साडेचारला ड्यूटीवरून घरी आली आणि चप्पल काढता काढता दारातच थांबली. हॉलमध्ये वास येत होता. उन्हात पडून मेलेल्या कालवांना येतो तसला. बोईसरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला तो ओळखायला वेळ लागत नाही.

ती धावतच खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीपाशी गेली. दिवसभर बोटांची उघडझाप करणारं झेनिया नावाचं मऊ कोरल दगडावर पांढऱ्या शेंबडासारखं ओघळलं होतं. चार वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा आणलेला आणि आता जेवणाच्या ताटाएवढा झालेला लेदर कोरल देठासकट एका बाजूला कलंडला होता, त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या. गोगलगायी वाळूत उलट्या पडल्या होत्या. माशांचं अंग साफ करणारी कोळंबी आमटीत शिजवल्यासारखी गुलाबी झाली होती. आणि ज्यांच्या अंगावर पांढरे ठिपके आले म्हणून परवापासून औषध चाललं होतं, ते दोन जोकर मासे मात्र मजेत फिरत होते.

मासे जिवंत, बिनहाडाचं सगळं मेलेलं. भाविकाच्या डोक्यात एकच शब्द आला. तांबं. ते ठिपक्यांचे जंतू मारतं, पण कोरल-कोळंबीलाही सोडत नाही.

तिने स्वयंपाकघरातल्या फळीवरून औषधाची बाटली काढली. 'पांढऱ्या ठिपक्यांवर हमखास. कोरलसाठी सुरक्षित.' खाली पालघरच्या केदारच्या मत्स्यालयाचं नाव. आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिने दुकानात फोन लावला.

"ताई, पाणी वेळेवर बदललं नसेल," केदार म्हणाला. मागे टीव्ही चालू होता. "नाहीतर घरात फिनेल मारलं असेल. लेडीज लोकांना वाटतं शोभेची टाकी आहे, पण कोरलची रीफ सांभाळणं सोपं नसतं."

"मी दर रविवारी पाणी बदलते. क्षारता रोज बघते. तुमच्या औषधात तांबं आहे का?"

"छे, छे! वर लिहिलंय ना?"

भाविकाने फोन ठेवला. आणखी एक शब्द ऐकला असता तर हातातली बाटली भिंतीवर गेली असती, आणि बाटली तिला हवी होती.

नवरा विपुल सेकंड शिफ्टला गेला होता. रविवारसाठी मीठ घालून तयार केलेलं पाणी ड्रममध्ये होतं. तिने दोन टब मांडले, त्यात पंप सोडला, हातमोजे चढवले आणि एकेक दगड उचलायला लागली. तेवढ्यात तिची आई नलू आली. बोईसरच्या बाजारात मासळी विकून झाली की ती गुरुवारी लेकीकडे टेकायची.

नलूला ही टाकी कधीच पटली नव्हती. खायचं नाय, विकायचं नाय, समिंदर सोडून आली नि घरात समिंदर भरला, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आज मात्र तिने लेकीचं तोंड बघितलं, पाटी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"काय धरू, बाय?"

"हा टब. पाणी हलू देऊ नको. आणि उघड्या हाताने काही उचलू नको, त्यातल्या काहींना विष असतं."

भाविकाने लेदर कोरलची सडलेली कड ब्लेडने कापून काढली. आत मांस अजून घट्ट होतं. झोआ कोरलच्या छोट्या फुलांनी तोंडं मिटून घेतली होती, पण गळून गेली नव्हती. मशरूम कोरलचे तीन तुकडे वाचतील असं वाटलं. झेनियाचं काहीच हाताला लागलं नाही. ते बोटांतून निसटून गेलं तेव्हा तिच्या तोंडून शिवी गेली. आईसमोर अशी शिवी तिने जन्मात दिली नव्हती.

"कोणाला देतेस?" नलूने विचारलं.

"त्या दुकानदाराला. आणि मला. औषध मीच ओतलं ना!"

हेच तिला जास्त डाचत होतं. तारापूरच्या एका कारखान्यात ती क्वालिटीच्या लॅबमध्ये होती. गेटातून कच्च्या मालाचा ड्रम आत आला की नमुना तपासल्याशिवाय ती सही करत नसे, मग मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहू दे. आणि घरी मात्र एका छापील लेबलवर विश्वास ठेवून तीन दिवस सकाळी मोजून टोपणभर विष घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने त्या फिकट हिरव्या औषधाचे दहा थेंब परीक्षानळीत घेतले आणि वर अमोनिया सोडला. नळीतलं पाणी शाईसारखं गर्द निळं झालं, म्हणजे तांबंच. तिने नळी उजेडात धरली. लॅबमधली दुसरी मुलगी काहीतरी विचारत होती, पण भाविकाला ऐकूच आलं नाही.

शनिवारी तिला सुट्टी होती. नलू नवापूरहून सकाळीच येऊन बसली होती.

"मी येतेय," ती म्हणाली. "तुला भांडता येत नाय. तू शिकलेलं बोलशील नि तो हसेल."

दोघी स्कूटरवरून पालघरला गेल्या. केदारच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. काउंटरपाशी विश्राम सर नावाचे एक निवृत्त शिक्षक माशांचं खाणं निवडत उभे होते. भाविकाने बाटली काउंटरवर ठेवली, बाजूला काचेचा ग्लास ठेवला आणि त्यात थोडं औषध ओतून पर्समधल्या छोट्या बाटलीतला अमोनिया सोडला. ग्लासातलं औषध निळं झालं तसे सगळे वळून बघायला लागले.

"हे तांबं आहे," ती म्हणाली. "माझ्या टाकीत कोरल आहेत, हे सांगूनच मी औषध मागितलं होतं. तुम्ही हे दिलंत."

केदार हसलाच. "ताई, तुम्ही कंपनीतून कुठलंतरी केमिकल आणाल आणि रंग बदलून दाखवाल. हे काय जादूचे प्रयोग आहेत?"

रागाने भाविकाला पटकन रडू यायचं, आणि या माणसापुढे तिला मेलं तरी रडायचं नव्हतं. तिने मान वळवली. समोरच्या फळीवर टाकीच्या पाण्यातलं तांबं तपासायच्या किटची डबी होती.

"ती डबी काढा," ती म्हणाली.

"कुठली?"

"तुमच्याच फळीवरची. सीलबंद आहे. तुम्हीच फोडा, तुमच्याच हाताने तपासा."

"माल असा फुकट फोडायचा नसतो."

"फोड!" नलू गरजली. बाजारात पलीकडच्या गल्लीत ऐकू जाणारा तो आवाज होता. "चाळीस वर्षं म्हावरं विकते मी. गिऱ्हाइकाने कल्ला उघडून दाखव म्हटलं तर दाखवावा लागतो. ज्याचं म्हावरं शिळं हाय तोच नाय दाखवत!"

"दाखवा ना, केदारभाई," विश्राम सर म्हणाले. "मागच्या महिन्यात माझ्या सगळ्या गोगलगायी मेल्या. मीही हेच औषध घातलं होतं."

आता केदारला पर्याय उरला नाही. त्याने डबी फोडली, छोट्या कुपीत साधं पाणी घेतलं, औषधाचा एक थेंब टाकला आणि किटमधले थेंब मोजून घातले. कुपी डबीवरच्या रंगांच्या पट्टीशेजारी धरली. पट्टीतल्या सगळ्यात गडद रंगापेक्षाही कुपी गडद होती. विश्राम सरांनी चष्मा वर करून ती नीट पाहिली आणि माशांचं खाणं पुन्हा फळीवर ठेवून दिलं.

"मला वरून असाच माल येतो," केदार पुटपुटला. "कॅन येतो. आम्ही फक्त बाटल्या भरतो."

"आणि 'कोरलसाठी सुरक्षित' कोण छापतं?" भाविकाने विचारलं.

त्याने फोडलेली डबी काउंटरखाली सारली.

"मासळी वरून आली म्हणून काय तुला वास येत नाय?" नलू म्हणाली.

केदारने हात जोडले. झेनियाचा नवीन तुकडा देतो म्हणाला, मिठाची गोणी घरपोच पाठवतो म्हणाला. भाविका काउंटरवर वाकली.

"मला तुकडा नको, मीठ नको. तुमच्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर आत्ता लिहा. या औषधात तांबं आहे, कोरल, कोळंबी, गोगलगायी असलेल्या टाकीत घालू नका."

"ताई, धंदा बसेल माझा."

"लिहा."

त्याने लिहिलं. पाठवायच्या आधी त्याने 'कदाचित' असा एक शब्द मध्ये घातला होता. भाविकाने तो खोडायला लावला. मेसेज गेला आणि दोन मिनिटांत फोन वाजायला लागला. डहाणूच्या कुणाचातरी होता, त्याचा आवाज काउंटरच्या अलीकडेही ऐकू येत होता. फळीवरच्या अकरा बाटल्या भाविकाने स्वतः खाली उतरवल्या आणि त्यांवरची लेबलं नखांनी खरवडून काढली. गिऱ्हाइकं बघत राहिली. कुणी तिला थांबवलं नाही.

परत येताना नलू मागे बसून खुशीत होती. "काय तोंड झालं त्याचं!" ती पुन्हापुन्हा म्हणत होती. भाविकाला मात्र हलकं वाटलं नाही. त्याचं तोंड पडलं म्हणून झेनिया उठून बसणार नव्हतं.

टाकीतलं तांबं दगडात मुरलं होतं. ते शोषून घेणारी जाळी फिल्टरमध्ये लावून तिने आठवड्याला अर्धं पाणी बदललं. टबातल्या कोरलवर स्टँडचा दिवा बांधला, लाइट गेली की पंप इन्व्हर्टरवर टाकला. तिसऱ्या आठवड्यात लेदर कोरलवर मेणासारखी साय धरली. विपुलला वाटलं आता हाही गेला. पण चार दिवसांत ती साय सुटून वाहून गेली आणि खालून बारीक, पिवळसर तुरे बाहेर आले. सात आठवड्यांनी दोन वेळा तपासूनही पाण्यात तांबं मिळालं नाही, तेव्हा तिने वाचलेलं सगळं परत टाकीत लावलं. झेनियाच्या जागी नुसता दगड राहिला.

त्यानंतर एका रविवारी बेल वाजली. दारात केदार उभा होता, हातात दोन बाटल्या घेऊन.

"नवीन माल आलाय," तो खाली बघत म्हणाला. "विकायच्या आधी म्हटलं... तुम्ही एकदा तपासून द्याल का?"

भाविकाने बाटल्या घेतल्या आणि त्याला दारातच उभं ठेवून आत गेली. दोन्हींचा नमुना घेतला, दोन्हींवर अमोनियाचे थेंब टाकले, नीट पाच मिनिटं थांबली. मग बाहेर आली.

"ही चालेल. या दुसरीत तांबं आहे."

"बरं झालं बघा तुम्ही..."

"पुढच्या वेळी माल विकत घ्यायच्या आधी नमुना आणा," ती म्हणाली, आणि त्याला पाणीसुद्धा न विचारता तिने दार लावून घेतलं.