दुपारच्या रद्द फेऱ्या

आमच्या घरातला कॉम्प्युटर दिवसभर हिशेब करतो. माझे नाही, दुसऱ्यांचे. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातले लोक औषधं शोधतात. त्यांच्याकडे गणितं फार आणि यंत्रं कमी, म्हणून जगभरात घरोघरी रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरांना ते थोडं थोडं काम वाटून देतात. काम इंटरनेटवरून येतं, आपलं यंत्र ते सोडवतं आणि उत्तर परत जातं, सगळं फुकट. मंगरूळपिरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "तुमाले काय भेटते?" काही भेटत नाही म्हटलं की लोक माझ्याकडे जरा सांभाळून बघतात.

हे खूळ माझ्या मुलीचं, धम्मदीपाचं. ती पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. मी एसटीतून रिटायर झालो तेव्हा तिनेच हे यंत्र आणून दिलं, त्यात तो प्रोग्रॅम बसवला आणि आम्हा दोघांचा संघ काढला. नाव ठेवलं 'बाबांचं आगार', कारण माझी सगळी नोकरी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या सोडण्यात गेली. संघाचे सभासद दोनच: माझा कॉम्प्युटर आणि तिचा लॅपटॉप. कुणी किती काम केलं ते संघाच्या पानावर दिसतं. सुरुवातीला ती मुद्दाम फोन करायची, "बाबा, आज तुमची गाडी माझ्यापुढे गेली." मी म्हणायचो, "तुह्या गाडीतलं डिझल संपलं काय?" बोलणं एवढंच, पण रोजचं होतं.

मग तिला मुलगा झाला. माझी बायको भागिरथा नातवाला सांभाळायला पुण्याला गेली आणि फोन रविवारवर आला. रविवारी मला नातू दाखवतात, मी हात हलवतो, नातू भलतीकडेच बघतो, संपलं. मलाही बोलावतात, पण त्या दोन खोल्यांत मी कुठे बसायचं हे कुणी सांगत नाही. गाड्यांचा विषय दीपा आता काढत नव्हती. बाळामागे पोरीला वेळ कुठला, असं मी समजत होतो. पान मात्र ती बघत असणार याची मला खात्री होती.

होळी झाली आणि माझी कामं फेल व्हायला लागली. एकेक काम सकाळी लागलं की संध्याकाळपर्यंत चालायचं. आता दुपारीच ते मधेच मरायचं आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'एरर' यायचं. दुसरं काम घेतलं की तेही तसंच. आमच्या भाषेत सांगायचं तर दुपारच्या सगळ्या फेऱ्या रद्द. संघाच्या पानावर माझा आकडा जागचा हलेना.

म्हाताऱ्याला एक यंत्र धड सांभाळता येत नाही असं दीपाच्या लक्षात आलं, की ती काय म्हणणार हे मला पाठ होतं: बाबा, बंद करून टाका. आणि ते बंद झालं, की तिने आणि मी मिळून करायचं असं एकही काम या जगात उरत नव्हतं. म्हणून तिला काही विचारायचं नाही, तिच्या डोळ्यावर यायच्या आत गुपचूप दुरुस्त करायचं, असं मी ठरवलं. रविवारी ती त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. मला वाटायचं, पोरगी समजूतदार आहे, बापाला लाजवत नाही.

प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला. अँटिव्हायरसला त्याच्या वाटेला जाऊ नको म्हणून बजावलं. स्टॅबिलायझर नवा आणला. शेवटी डिक्शनरी मांडीवर घेऊन त्या विद्यापीठवाल्यांच्या चर्चेच्या पानावर इंग्रजीत रडगाणं लिहिलं. अमेरिकेतल्या एका भल्या माणसाने विचारलं, खोलीत तापमान किती असतं? मी लिहिलं, चव्वेचाळीस. तो म्हणाला, मग खोली चांगलीच थंड आहे, गरमीचा दोष नाही, दुसरं काही शोधा. एप्रिलच्या दुपारी घामाने निथळत मी हे वाचलं आणि मानलंसुद्धा. यंत्रांच्या मानाने असेल थंड, म्हटलं. तो फॅरनहाइट धरून बोलत होता हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

दुरुस्ती केली ती धुणंभांडी करणाऱ्या बेबीताईने, तेही तिला पत्ता नसताना. भागिरथाने पुण्याला जायच्या आधी जुन्या साड्या फाडून घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना कव्हरं शिवली होती. फ्रीजला, मिक्सरला, टीव्हीला आणि कॉम्प्युटरच्या डब्यालासुद्धा. चांगलं जाड, दुहेरी कापडाचं, खालून नाडी ओढलेली, बटणापुरतं भोक. वर मला ताकीद: "याचं कव्हर काढू नोका बरं. सोयाबीनचा भुसा घरभर उडते, मशीन खराब होऊन जाईन." बायको गेल्यावर तिचं ऐकायची मला फार हौस आली होती. मी ते एकदाही काढलं नाही.

एका सोमवारी बेबीताईने ते ओढून काढलं. "भाऊ, किती मळलं हे. वास येऊन राह्यला." त्या दिवशी काम संध्याकाळपर्यंत चाललं आणि पुरं झालं. दुसऱ्या दिवशी वाळलेलं कव्हर मी नीट घातलं, नाडी आवळली, आणि जेवून उठतो तोच लाल अक्षरं. मी नाडीची गाठ सोडून आत हात घातला. डबा तव्यासारखा तापला होता. ऐन उन्हाळ्यात मी त्याला गोधडी पांघरून कामाला जुंपलं होतं. कव्हर घडी करून कपाटात ठेवलं. त्यानंतर एकही फेरी रद्द झाली नाही.

मला इतका आनंद झाला की सांगायला माणूस शोधत मी दारापर्यंत जाऊन आलो. मग म्हटलं, दीपाच्या मागे आपण किती पडलो ते तरी बघू. तिचे रोजचे फोन थांबल्यापासून मी फक्त माझाच आकडा बघायचो, आणि होळीनंतर तर भीतीने तिच्या आकड्याकडे नजरही टाकली नव्हती. आज तिच्या नावावर बोट दाबलं. खाली लिहिलं होतं, शेवटचा संपर्क: मागच्या वर्षीची तारीख. नातू व्हायच्या आधीची.

म्हणजे ज्या नजरेला मी इतका भीत होतो, ती नजर तिथे नव्हतीच. राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण रागापेक्षाही, आपण भर स्टँडवर एकटेच बडबडत होतो असं वाटून जीव कसनुसा झाला.

रविवार नव्हता, तरी फोन लावला.

"दीपा, कॉम्प्युटर सुधरलं."

"काय झालं होतं त्याला?"

"कामं फेल होऊन राह्यली होती. तुह्या आईचं कव्हर. गरम होत होतं."

ती हसली. मग म्हणाली, "बाबा, ते अजून चालवता तुम्ही? माझा लॅपटॉप तर कंपनीनं परत घेतला. नव्यावर परवानगी नाही. सांगायचं राहूनच गेलं." मागे बाळ रडत होतं. "एवढ्या गरमीत कायले चालवता? बंद करून टाका ना."

वाक्य तेच, मला पाठ असलेलं. त्यावर 'बरं' म्हणायचं हेही मी ठरवून ठेवलेलं होतं. पण तोंडातून दुसरंच आलं.

"बंद केलं तं मंग मी काय करू? मले करमत नाई, दीपा. घरात कोनी नाई. तू पाह्यत असशीन म्हनून मी ते चालवत होतो."

पलीकडे बाळ गप्प झालं. तिने त्याला आईकडे दिलं असावं, दार लागल्याचा आवाज आला.

"बोला, बाबा," ती म्हणाली. "मी बसली आहे. मले काई घाई नाई. सांगा."

मी फोन कानाशी घट्ट धरला. सांगण्यासारखं काय आहे ते शोधत राहिलो. इतक्या महिन्यांत या घरात घडलेली गोष्ट एकच होती, आणि ती तर सांगून झाली होती.